तारेचा दोष हाताच्या माथी

शेताच्या कुंपणाला चिकटून कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी पारावर जी चर्चा होते, तिचा शेवट बहुधा एकाच प्रश्नावर होतो : बघून हात लावायला नको का? गेलेला माणूस मजूर असो, गुराखी असो की शेताचा मालक, प्रश्न बदलत नाही. पोल उभा करताना वरच्या लाइनला टेकला, ओढलेली तार तुटून डोळ्यावर आली, खड्ड्याच्या मशीनमध्ये उपरणं गुंतलं, या सगळ्यांचं निदानही तेच. जपून काम केलं असतं तर काही झालं नसतं. हे मत इतकं साळसूद दिसतं की त्याच्याशी वाद घालावा असं कुणाला वाटतच नाही. मला तो घालायचा आहे. हे मत अर्धवट आहे एवढीच माझी तक्रार नाही. त्याच्यामुळे पुढचा अपघात आधीच्या जागीच, आधीच्याच पद्धतीने होतो, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून आधी त्याची बाजू. कुंपण म्हणजे काही रसायनांचा कारखाना नव्हे. पहार, टिकाव, घमेलं, पक्कड आणि तारेची भेंडोळी यांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याच शेतात, त्याच तारेवर दहा जण राबतात आणि नऊ जण धडधाकट घरी जातात. म्हणजे दहाव्याचंच काहीतरी चुकलं असणार. हातमोजे दिले तर गडी ते काढून बांधावर ठेवतात, हेही खोटं नाही. आणि या लोकमताला एक विद्वान पाठीराखाही आहे. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर ग्रंथ लिहिला. विम्याच्या दाव्यांच्या आणि कारखान्यांच्या नोंदी चाळून त्यांनी हिशोब मांडला की १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात, १० असुरक्षित परिस्थितीने, आणि २ टाळता न येण्यासारखे असतात. सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गांत हा ८८चा आकडा पुढे कित्येक दशकं श्लोकासारखा घोकला गेला.

आता हा आकडा कुठून आला ते पाहू. हाइनरिक यांच्यापुढे ज्या नोंदी होत्या, त्यांतली कारणं प्रामुख्याने कारखान्यातल्या पर्यवेक्षकांनी लिहिलेली होती. यंत्राला झाकण नव्हतं असं लिहिलं तर जबाबदारी कारखान्यावर येते, कामगाराने हात घातला असं लिहिलं तर येत नाही. एकाच अपघाताबद्दल दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. पण रकाना एकच आणि लेखणी पर्यवेक्षकाच्या हातात. अशा शंभर नोंदींची बेरीज केली की त्यातून अपघातांची कारणं कळत नाहीत, फार तर लिहिणाऱ्यांची सोय कळते. आपल्याकडच्या पंचनाम्यातही ‘अनवधानाने स्पर्श’ एवढं लिहून झालं की तार तिथे कुणी, कशी आणि कशाला जोडली होती हे विचारण्याची निकड संपते.

हेच आपल्या तर्कशास्त्राच्या भाषेत अधिक नेमकं सांगता येतं. न्यायदर्शनात साधारण कारण आणि असाधारण कारण असा भेद आहे, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून शिकणाऱ्याला तो पहिल्याच इयत्तेत भेटतो. काल, दिशा, अदृष्ट ही साधारण कारणं : ती प्रत्येक कार्याच्या मुळाशी असतातच, म्हणून एखाद्या विशिष्ट कार्याचा उलगडा करायला त्यांचा उपयोग नाही. माणसाचं क्षणभर बेसावध होणं याच जातीचं आहे. गडी रोज दमतो, रोज एकदा तरी बोलण्याच्या नादात हात कुठेतरी टेकवतो, आणि रोज मरत नाही. बेसावधपणा नेहमीच हजर आणि मृत्यू एखाद्याच दिवशी, असं असेल तर त्या दिवशीचं असाधारण कारण दुसरीकडे शोधायला हवं. त्या दिवशी त्या तारेत काय होतं, हा खरा प्रश्न.

मळणीयंत्राच्या बाबतीत आपण हा धडा एकदा शिकलो आहोत. पेंढी ढकलताना हात तुटायचे आणि तेव्हाही गड्यांच्या झोपाळूपणाला बोल लावला जायचा. भारतीय मानकाने यंत्राच्या तोंडाला ठरावीक लांबीची, वरून झाकलेली नळी घातली आणि १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा आला. नळी अशी की हात आत घातला तरी पात्यापर्यंत पोचू नये. गडी तेवढेच झोपाळू राहिले, हाताचा आणि पात्याचा मार्ग तेवढा तुटला. विल्यम हॅडन या अमेरिकी वैद्याने हीच गोष्ट सिद्धांताच्या पातळीवर नेली : इजा म्हणजे शरीराला सोसणार नाही इतकी ऊर्जा शरीरात शिरणं, तेव्हा ऊर्जा किती साठली आहे, ती कुठून सुटेल आणि तिच्या व माणसाच्या मध्ये काय आहे, एवढं पाहा. हॅडन यांचं काम मुख्यतः रस्त्यावरच्या अपघातांचं, पण कुंपणाला ते चपखल बसतं. दिसायला गरीब असलेलं कुंपण म्हणजे साठवलेल्या ऊर्जेची एक लांबच लांब रेघ असते.

सुरुवात विजेपासून करतो, कारण लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे आणि विदर्भात त्याची किंमत माणसं, गुरं आणि वाघही मोजतात. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी पीक हाती लागत नाही, म्हणून शेतकरी कुंपणात करंट सोडतो. त्याचे दोन प्रकार. एक झटका मशीन, बॅटरीवर किंवा सौर पट्टीवर चालणारं. दुसरा प्रकार म्हणजे मोटरपंपाच्या पेटीतून किंवा लाइनवर आकडा टाकून थेट तारेत सोडलेली वीज. ‘दोन्ही करंटच, एक जरा सौम्य, दुसरा जरा कडक’ हे यावरचं प्रचलित मत. काही जण पुढे जाऊन विचारतात, मशीनवर तर आठ हजार व्होल्ट लिहिलेलं असतं आणि घरच्या लाइनला २३०च, मग घातक कोण?

हा फरक सौम्य-कडक असा नाहीच. झटका मशीनसाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्याच मालिकेला समांतर आपलं आयएस ३०२-२-७६. मशीनने सेकंदाला एकाहून जास्त झटके द्यायचे नाहीत. ५०० ओहमच्या भारावर एक झटका १० मिलिसेकंदांहून लांबता कामा नये, आणि त्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाता कामा नये. प्रत्यक्षात चांगल्या मशीनचा झटका मिलिसेकंदाच्याही आत आटोपतो. उरलेला जवळजवळ अख्खा सेकंद तार मेलेली असते. ही जी उसंत आहे तीच या यंत्रातली खरी सुरक्षा. झटका बसतो, स्नायू आखडतात, लगेच सैल होतात आणि डुक्कर असो की माणूस, मागे सरतो.

लाइनच्या विजेत ही उसंत नाही. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर वेळा शिखर गाठणारा प्रवाह. स्नायूला सैल पडायला सवडच मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं की हातातली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आहे, स्त्रियांमध्ये साडेदहा. आता चिखलात अनवाणी उभ्या, घामाने भिजलेल्या माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरा. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. सोडता येण्याच्या मर्यादेच्या चौदापट. सेकंदभराहून अधिक वेळ टिकला तर पन्नासेक मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो. ‘बघून हात लावायला हवा होता’ म्हणणाऱ्याने हा हिशोब मांडून पाहावा. एकदा हात लागला की पुढचं सावधपण त्या माणसाच्या हाती राहतच नाही. आणि त्याला सोडवायला धावलेला भाऊ, त्याला धरायला आलेली आई, अशी एकाच तारेवर दोन-तीन माणसं जातात. त्यांना निष्काळजी म्हणायचं का?

जाता जाता ‘एसी खेचतो आणि डीसी फेकतो’ या गावोगावच्या समजुतीबद्दल. वीज खेचत नाही की फेकत नाही. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. दोन्ही एकदम आखडले की मूठ मिटते आणि प्रवाह अखंड असेल तर मिटलेलीच राहते. माणसाला धरून ठेवतो तो त्याचाच पंजा.

आता बल्बचं शास्त्र. ‘आम्ही लाइन थेट सोडत नाही, मध्ये शंभरचा बल्ब टाकतो, त्याने करंट कमी होतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. १०० वॅटचा पिवळा बल्ब पूर्ण पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो, पण थंड असताना जेमतेम ४० च्या आसपास. हजार ओहमच्या माणसापुढे हे चाळीस म्हणजे काहीच नव्हेत : २३० मिलिअँपिअरचे २२० होतात. बल्ब पूर्ण तापलेला मानला तरी दीडशे उरतात. तार जमिनीला टेकली तर फ्यूज उडू नये, एवढंच काम तो बल्ब करतो. वायरिंगचं रक्षण होतं, माणसाचं नाही. एमसीबीचंही तेच. सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तारेला चिकटलेला माणूस म्हणजे छताला फिरणारा एक पंखा. पाव अँपिअरने ती पडत नाही. तीस मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच मात्र माणूस वाचवू शकतो. पण कुंपणाच्या तारेला गवत टेकतं, दव पडतं, पोल ओले होतात. गळती एवढी की असा स्विच दर रात्री पडेल. म्हणून तो काढून टाकला जातो. थोडक्यात, लाइनवर रात्रभर चालू राहू शकणारं कुंपण म्हणजे ज्यातून संरक्षण आधीच काढून घेतलंय असंच कुंपण. असल्या कुंपणाचं सुरक्षित रूप संभवत नाही, आणि ते ‘जपून बसवणं’ हा वदतोव्याघात आहे.

उसंतीचं हे तत्त्व ध्यानात घेतलं की कुंपण बसवतानाचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, असं मानक का सांगतं? काट्यात कपडा किंवा कातडं अडकलं की मधल्या सेकंदात माणूस मागे सरूच शकत नाही, उसंत वाया जाते. आपल्याकडे मात्र जुन्या काटेरी कुंपणालाच मशीन जोडून खर्च वाचवण्याची चाल आहे. एका कुंपणाला दोन मशीनं का लावायची नाहीत? दोघांचे ठोके जुळत नाहीत आणि सेकंदाचा अर्धा सेकंद होतो. शेजाऱ्याचं वेगळ्या मशीनवरचं कुंपण आपल्या कुंपणापासून निदान अडीच मीटर दूर का? एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरं कुंपण धरलं जाऊ नये म्हणून. मशीनचा अर्थिंगचा गज घराच्या किंवा डीपीच्या अर्थिंगपासून १० मीटर लांब का? दोन जमिनी एकमेकींत मिसळल्या तर लाइनचा दोष कुंपणात उतरतो. झटका मशीन म्हणजे निर्धोक, असं मी मुळीच म्हणत नाही. डोकं, मान किंवा छाती तारेत अडकली, लहान मूल तारांच्या मधून घुसलं किंवा कुणाला पेसमेकर असला तर तेही घात करू शकतं. पण तिथेही उत्तर तारेची उंची, तारांमधलं अंतर आणि पिवळ्या फलकात आहे.

वीज कुंपणात नसली तरी कुंपणाच्या डोक्यावर असते, आणि उभारणीच्या दिवशी खरी भीती तिची. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर असाव्यात, असं वीज सुरक्षेचे नियम सांगतात; जुन्या लाइनी झोळ पडून त्याहून खाली आलेल्या कुणीही पाहाव्यात. आणि लोखंडी पाइप किंवा अँगल दुकानातून येतो तो ६ मीटर लांबीचा. तो शेतात आडवा असतो तोवर निरुपद्रवी. दोन गड्यांनी उचलून उभा केला की नियमातली लाइनसुद्धा त्याच्या टप्प्यात येते. ४.६ आणि ६ ही वजाबाकी उन्हात पाइप पेलणाऱ्याने खांद्यावर ओझं असताना करावी, अशी आपली अपेक्षा असते. ती दुकानात करता येते : पाइप तिथेच कापून घ्यायचा. लाइनखालचे खड्डे आधी ठरवून तिथे ठेंगणे पोल द्यायचे, आणि तिथलं काम लाइन बंद करून घेतल्याशिवाय हाती घ्यायचं नाही. झटक्याच्या तारेलाही हाच न्याय : ओलांडायचीच असेल तर लाइन काटकोनात आणि खालून ओलांडायची, आणि अंतर हजार व्होल्टपर्यंतच्या लाइनीपासून ३ मीटर, ३३ केव्हीपर्यंत ४, त्यापुढे ८. मोठ्या पारेषण वाहिनीला समांतर लांबलचक तार ओढली तर कुठेही न टेकता तिच्यात वीज उतरते. अशा ठिकाणी तार ओढतानाच ती तात्पुरती जमिनीला जोडून ठेवायची असते. हे न कळल्याने ‘तारेत भूत आहे’ म्हणणारे गडी मी पाहिलेत. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.

दुसरी साठवलेली ऊर्जा ताणाची. तार ढिली राहिली की कुंपण लोंबतं, म्हणून ती ओढायची. ओढायला ताणणी नसेल तर ट्रॅक्टर. इथे थोडं गणित करू. अडीच मिलिमीटर जाडीची, उच्च ताणशक्तीची २०० मीटर तार १२० किलोच्या ओढीला साधारण २५ सेंटिमीटर लांबते आणि तिच्यात दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. झटका मशीनला परवानगी असलेल्या ठोक्याच्या तीसपट. ही ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॅक्टरवाल्याला क्लचवर पाय ठेवून १२० आणि ४८० किलो यांतला फरक कळत नाही. ओढ चौपट झाली की ऊर्जा सोळापट होते, आणि तार तुटण्याच्या काठावर येते. ती तुटते बहुधा गाठीपाशी किंवा पक्कडीने चावलेल्या जागी, आणि दोन्ही टोकं पोलांच्या रेषेत झेपावतात. तार ओढणारा, खिळा ठोकणारा आणि लांबून ‘अजून थोडं’ म्हणणारा, तिघंही नेमके त्याच रेषेत उभे असतात. चष्मा घालावाच, पण त्याआधी कोपऱ्याच्या पोलाला पक्का टेकू द्यावा, ट्रॅक्टरऐवजी दात्यांची ताणणी वापरावी आणि माणसांनी तारेच्या रेषेबाहेर, पोलाच्या पलीकडच्या अंगाला उभं राहावं. खड्ड्याच्या मशीनबद्दल फार सांगायला नको. ट्रॅक्टरच्या पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्या वेगापुढे पदर सावरण्याचं चापल्य कुणाकडेही नसतं. दांड्यावर नळी बसवा, विषय संपला.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप. शेतकरी म्हणतो, मशीन लावून पाहिलं. पहिलं वर्ष बरं गेलं, मग डुकरं तारेखालून घुसायला लागली. मशीन कुचकामी, म्हणून लाइन जोडली. हा अनुभव खोटा म्हणून झटकून टाकणारे तज्ज्ञ मला मान्य नाहीत. अनुभव खरा आहे, निदान चुकलंय. झटक्याचं मंडल जमिनीतून पूर्ण होतं : तारेतून जनावरात, जनावराच्या खुरातून मातीत, मातीतून अर्थिंगच्या गजापर्यंत आणि परत मशीनमध्ये. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, वरची वीतभर माती कोरडी ठाक होते, आणि मशीनमागे हातभर खोल खुपसलेली एकच सळई त्या मंडलात नावापुरती उरते. दोष मशीनचा नसतो, गाडलेल्या सळईचा असतो. दीड-दोन मीटर खोल असे निदान तीन गज, एकमेकांपासून तीनेक मीटरवर, शक्यतो विहिरीच्या किंवा पाटाच्या ओलीत. आणि जिथे तेही जमत नाही तिथे एकाआड एक तार अर्थिंगला जोडायची, म्हणजे दोन तारांमध्ये शिरणाऱ्या डुकराला कोरड्या मातीची पळवाट राहत नाही. ताडून पाहायची रीतही सोपी आहे : मशीनपासून शंभर मीटरवर लोखंडी गज टेकवून कुंपण मुद्दाम जमिनीला भिडवायचं, तारेवरचा दाब दोन हजार व्होल्टखाली आणायचा, आणि मग अर्थिंगच्या गजावर मोजायचं. तिथे दोन-तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आणखी गज हवेत. कुंपणाच्या मापकावर हे दहा मिनिटांत कळतं. मशीन विकणारा हे क्वचितच करून दाखवतो, कारण त्याची विक्री खोक्यापाशी संपते. चांगल्या अर्थिंगअभावी हजारो रुपयांचं मशीन निकामी ठरतं, आणि मग आकडा टाकला जातो. निष्काळजीपणा शोधायचाच असेल तर तो इथे आहे. पण त्याचा शोध घेतला जातो तो मेलेल्या माणसाच्या हातात.

‘माझं शेत, माझी तार, रात्री चोरासारखा आला तर मरेल’ हेही एक मत आहे, आणि ते पुष्कळदा दबक्या नव्हे तर चढ्या आवाजात ऐकू येतं. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच त्याचा निकाल लावला. शेजारची बाई आपला संडास वापरते म्हणून घरमालकाने वाटेवर जिवंत तार लावली, इशारा दिला नाही, आणि ती गेली. न्यायालयाने घरमालकाची शिक्षा कायम ठेवली : आगंतुकाला मारण्याचा हक्क मालकाला नाही. तेव्हा हात कुणाचा लागला याला महत्त्व न देता तार कुणी लावली हे पाहणं, ही काही माझी नवी कल्पना नव्हे. आकडा टाकला तर २००३च्या वीज कायद्याचं १३५वं कलम आहेच, आणि जनावर मेलं तर वन्यजीव संरक्षण कायदा. ब्रह्मपुरी भागातून पकडून बोर प्रकल्पात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच एका शेताच्या तारेला लागून मेली. ती तार तिच्यासाठी नव्हती, डुकरांसाठी होती. लाइनच्या विजेला गिऱ्हाईक ओळखता येत नाही.

यात शेतकऱ्याला खलनायक करण्याचा माझा हेतू नाही. रात्रभर जागली करून सकाळी लोळलेलं पीक पाहणाऱ्याला कायद्याची कलमं वाचून दाखवणं सोपं असतं. सरकार पिकाच्या नुकसानीची भरपाई देतं, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही देतं. पण अनुदान खोक्याला मिळतं. गज किती खोल गेले, तार काटेरी आहे की साधी, लाइनखाली पोल किती उंच, हे पाहून शेवटचा हप्ता सोडला, तर त्याच पैशात झटकाही बसेल आणि माणूसही वाचेल.

राहिला प्रश्न सावधगिरीचा. ती नको, असं मी कुठे म्हटलं? काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून ती तारेवर काम करणाऱ्यानेच स्वतःच्या खिशात ठेवावी. वादळी ढग दिसले की तार सोडून दूर जावं, कारण किलोमीटरभर लांब तारेवर वीज कुठेही पडली तरी ती आपल्यापर्यंत येते. ही सावधगिरीच आहे. पण ती पार पाडायला सवड लागते, आणि कुंपणाचं काम उक्तं दिलं जातं रनिंग फुटावर. पोल, खड्डा, तार यांचा दर त्यात असतो. लाइन बंद होईपर्यंत थांबण्याचा, पाइप कापण्याचा, कुणीतरी नुसतं वर बघत उभं राहण्याचा नसतो. ‘जपून करा’ असं सांगून जो दर आपण देतो, तो न जपता केलं तरच परवडेल असा असतो.

आणि अपघात झाल्यावर? १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात दारू पिणं, सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडणं, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणं असे बचाव मालकाला दिले होते; पण कामगार मेला असेल तर तेही चालत नसत, आणि नुसता निष्काळजीपणा तर त्या यादीत पहिल्यापासून नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने जे कारण ऐकून घ्यायला नकार दिला, ते पारावर अजून शेवटचा शब्द म्हणून चालतं. कुंपणाच्या टोळीची नोंद कुठे नसते, त्यामुळे भरपाईच्या कायद्याचं दार ठोठावायलाही मुकादमापाशी कागद सापडत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तीत विजेच्या धक्क्याने मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. मात्र ते खातेदार शेतकऱ्याच्या कुटुंबाला. तार ज्याच्या शेताची त्याचं घर तीत बसतं. तार बांधायला आलेल्या भूमिहीन गड्याचं बसत नाही.